लघवीत क्रिस्टल झालेल्या कुत्र्याचं पथ्य: आधी रिपोर्ट, मग पिशवी

मार्च संपता संपता कुत्रा थेंब थेंब मुतायला लागला की मराठवाड्यातल्या घरांत निदान ठरलेलं असतं: ‘उन्हाळी लागली.’ मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, चिमूटभर खाण्याचा सोडा, नाहीतर मेडिकलमधून माणसांचं जळजळीचं सिरप. चार दिवस जातात, लघवीत रक्त दिसतं, तेव्हा कुत्रा डॉक्टरकडे पोचतो. लघवीत क्रिस्टल, म्हणजे क्षारांचे बारीक स्फटिक, निघतात. कुणीतरी सांगितलेली, लघवीच्या आजारासाठीच्या खास खाण्याची महागडी पिशवी घरी येते आणि तिच्यातले दाणे भाकरी-दुधात कालवून घातले जातात. महिन्याने रिपोर्ट जसाच्या तसा. ‘डाएट-बिएट काही खरं नसतं’ म्हणून पिशवी शेजाऱ्याच्या कुत्र्याला.

असं वरचेवर होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. हे खाणं म्हणजे अन्नाच्या रूपातलं औषध आहे. ते ठराविक प्रकारच्या क्रिस्टलवरच चालतं आणि पोटात दुसरं काही गेलं की त्याचं गणित बिघडतं. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. पिशवी पाचव्या टप्प्यात येते, त्याआधी नाही.

टप्पा १. ही वेळ डाएटची आहे की दवाखाना गाठायची?

कुत्रा पाय वर करून जोर लावतोय आणि थेंबही पडत नाही, तर पुढचं काही वाचत बसू नका. रात्र असली तरी डॉक्टरला फोन करा. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि लिंगातल्या हाडाच्या खाचेतून जातो. खडा नेमका त्या हाडाच्या मागे अडकतो. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाची लय बिघडते आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. उलट्या, ताठरलेलं पोट, सुस्ती, खाणं बंद ही पुढची लक्षणं. मादीत अडकण्याचं प्रमाण कमी, पण शक्यता असतेच.

जोर लावताना कुत्रा वाकून बसतो, त्यामुळे घरच्यांना तो बद्धकोष्ठ वाटतो आणि त्याला एरंडेल पाजलं जातं. खात्री करायची तर त्याला कोरड्या फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर न्या आणि कागद किती ओला झाला ते बघा.

थांबा: लघवी तुंबलेल्या कुत्र्याचं पोट दाबू नका आणि ‘पाण्याने सुटेल’ म्हणून तोंडात पाणी ओतू नका.

लघवी होतेय, पण वरचेवर, थोडी थोडी, रक्ताळलेली. कुत्रा सारखा जागा चाटतोय. घरात कधी न मुतणारा आता दारातच मुततोय. असं असेल तर पुढच्या टप्प्याला वेळ आहे, पण आठवडाभर नाही. एक-दोन दिवसांत दाखवा.

टप्पा २. नमुना नीट द्या

पुढचं सगळं यावर उभं आहे आणि सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. सकाळी धरलेली लघवी खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत भरली जाते, पिशवीत घालून एसटीने जिल्ह्याच्या गावी जाते आणि दुपारी लॅबमध्ये पोचते. लघवी थंड झाली किंवा तासन्‌तास ठेवली की बाटलीतल्या बाटलीत क्रिस्टल तयार होतात. म्हणजे कुत्र्याच्या पोटात नसलेला आजार रिपोर्टमध्ये उतरतो. फ्रीजमध्ये ठेवून नेलं तरी हाच घोटाळा.

म्हणून बाटलीऐवजी कुत्र्यालाच न्या. त्याला लघवी नीट होत असेल तर दवाखान्यात जाण्याआधी दोन-तीन तास मुतू देऊ नका, मूत्राशय भरलेलं राहील. डॉक्टर सोनोग्राफीत बघून बारीक सुईने थेट मूत्राशयातून नमुना काढतात. ऐकायला भीती वाटते, पण कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, हाच नमुना सगळ्यात भरवशाचा. खाली पडणारी लघवी धरली तर त्यात केसांवरचे, कातडीवरचे जंतू मिसळतात आणि कल्चरचा अर्थ लावणं अवघड होतं.

घरीच धरायची वेळ आली तर लांब दांड्याची स्टीलची पळी घ्या. उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी करा. साबणाचा अंश राहिला तरी पीएच, म्हणजे लघवी किती आम्ल किंवा अल्कधर्मी याचा आकडा, बदलतो. पहिली धार सोडून मधली धरा, मेडिकलमधल्या निर्जंतुक डबीत ओता आणि अर्ध्या ते एका तासात मायक्रोस्कोपखाली जाईल अशी व्यवस्था आधीच करून ठेवा.

रिपोर्टमध्ये काय हवं ते तोंडाने सांगा: क्रिस्टलचा प्रकार, पीएच, पेशी आणि जंतू, आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती दाट आहे ते), रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर मोजलेली. माणसांच्या लॅबमध्ये लघवीत बुडवायच्या पट्टीवर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी आणि पांढऱ्या पेशी वाचतात. कुत्र्याच्या बाबतीत पट्टीचे हे दोन चौकोन भरवशाचे नाहीत. तालुक्याच्या लॅबमध्ये देत असाल तर नमुना कुत्र्याचा आहे हे चिठ्ठीवर लिहा.

लघवीबरोबर एक्स-रे किंवा सोनोग्राफीही लागते, कारण क्रिस्टल आणि खडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिस्टल असून खडा नसतो, आणि मोठा खडा असून त्या दिवशीच्या लघवीत एकही क्रिस्टल नसतो. खड्यांचे प्रकार टप्पा ३ मध्ये येतील; त्यांतले स्ट्रुव्हाइट आणि ऑक्झलेटचे खडे साध्या एक्स-रेत दिसतात. युरेट आणि सिस्टिनचे निसटू शकतात, त्यांना सोनोग्राफी बरी. गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यांचा; तिथं ही सोय नसेल तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, शिवाय छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत पाळीव प्राण्यांचे खासगी दवाखाने आहेत. निघण्याआधी फोन करून सोनोग्राफी कोणत्या वारी होते ते विचारा. शंभर किलोमीटर गाडी करून गेल्यावर ‘मशीनवाले डॉक्टर आज नाहीत’ हे ऐकण्यापेक्षा ते बरं.

तपासा: कुत्र्याला काहीच त्रास नाही, संसर्ग नाही, खडा नाही, आणि दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत थोडे स्ट्रुव्हाइट क्रिस्टल दिसले, तर बहुधा पथ्याची गरजच नसते. निरोगी कुत्र्यातही ते दिसतात. अशा वेळी डॉक्टरांनीच ‘पाणी वाढवा, बाकी काही नको’ म्हटलं तर त्यांना काही येत नाही असं समजू नका.

टप्पा ३. प्रकार कळल्याशिवाय पुढे सरकू नका

*स्ट्रुव्हाइट.* मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा हा क्षार. कुत्र्यांत तो बहुतेक वेळा मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे होतो: काही जंतू युरिया फोडून अमोनिया तयार करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि क्षार बसत जातो. माद्यांमध्ये जास्त. हा खडा विरघळतो. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिनच्या २०१६ च्या मार्गदर्शनातही शस्त्रक्रियेआधी विरघळवण्याचा मार्ग घ्यावा असंच म्हटलंय. पण डाएट आणि अँटिबायोटिक ही जोडी आहे. संसर्ग राहिला तर लघवी अल्कधर्मीच राहते आणि पिशवीवरचा पैसा पाण्यात.

*कॅल्शियम ऑक्झलेट.* कोणत्याही डाएटने, काढ्याने, सिरपने विरघळत नाही. शिह त्झू, ल्हासा अप्सो, यॉर्कशायर टेरियर, मिनिएचर श्नाउझर अशा लहान जातींत आणि नरांत जास्त. त्रास देणारा खडा काढावाच लागतो. डाएटचं काम तो पुन्हा होण्याचं लांबवणं एवढंच. लघवी फार आम्ल करणारं खाणं इथं उलटं पडू शकतं.

*युरेट.* डाल्मेशियन पाळला असेल तर हे नाव लक्षात ठेवा, त्या जातीच्या रक्तातच ते आहे. दुसऱ्या जातीच्या कुत्र्यात निघालं तर डॉक्टर यकृताच्या रक्तवाहिनीतला दोष शोधतात. इथं खाण्यातलं प्युरिन (ज्यापासून युरेट बनतं तो घटक) कमी करायचं असतं, म्हणजे कलेजी, गुर्दा, भेजा, मटण दूर. आणि लघवी आम्ल नको, थोडी अल्कधर्मी हवी.

*सिस्टिन* क्वचित, बहुतेक खच्ची न केलेल्या नरांत. काहींना खच्चीकरणाने फरक पडतो.

आता तो सोडा आणि ते जळजळीचं सायट्रेटचं सिरप आठवा. दोन्ही लघवी अल्कधर्मी करतात. युरेटमध्ये डॉक्टर स्वतः तसलं औषध लिहून देतील. स्ट्रुव्हाइटमध्ये तेच आगीत तेल. एकाच्या कुत्र्याला गुण आला म्हणून दुसऱ्याने ते देणं का फसतं, त्याचं कारण हे एवढंच. हुलग्याचं कढण आणि पानफुटीचा रस यांवरही विसंबू नका. आणि उन्हाळीवर मनुकांचं पाणी देणाऱ्यांनी हे नक्की वाचा: द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या किडनीला विषारी आहेत, थोड्याही देऊ नयेत.

थांबा: रिपोर्टवर नुसतं ‘क्रिस्टल +’ लिहिलंय आणि प्रकार नाही? पिशवी आणू नका. परत विचारा.

टप्पा ४. घरातले देणारे हात मोजा

पथ्य मोडतं ते कुत्र्यामुळे नव्हे, माणसांमुळे. पिशवी आणण्याआधी तीन दिवस स्वयंपाकघरात एक वही लटकवा आणि ज्याने जे दिलं ते त्याने लिहायचं, रागवायचं नाही असं ठरवा. सकाळच्या चहातलं बिस्किट, टोस्टचा तुकडा, आजीच्या ताटातली भाकरी, तळाला राहिलेलं दूध, पोराच्या हातातले कुरकुरे, रविवारची नळी. ‘आम्ही काहीच देत नाही’ म्हणणाऱ्या घरांची वही पहिल्याच संध्याकाळी अर्धं पान भरते.

शेतातल्या घरांसाठी आणखी एक जागा आहे, जिकडे डॉक्टरही सहसा वळत नाहीत: गोठा. म्हशीच्या घमेल्यातली सरकी पेंड, भिजवलेला भरडा, त्यात मिसळलेली मिनरल पावडर. त्या पावडरीत कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम भरपूर असतं, आणि स्ट्रुव्हाइटच्या कुत्र्याला आपण त्यातल्या दोन गोष्टी तोलून मापून कमी देत असतो. कुत्रा घमेलं चाटत असेल तर दाणा घालायच्या वेळी त्याला बांधा.

कोणत्या वस्तूने काय बिघडतं, ते थोडक्यात. भाकरी, पोळी, भात, वरण यांत विष काही नाही, पण मोजून बनवलेल्या खाण्यातलं प्रमाण त्यांनी पातळ होतं. हाडं, दूध, पनीर यांनी कॅल्शियम-फॉस्फरस वाढतं. पालक, राजगिरा, तीळ, शेंगदाणे ऑक्झलेटवाल्याला नकोत. आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट कशात नसतो, म्हणून ताटातली भाजी सरसकट बंद. कांदा-लसूण तर कुठल्याच कुत्र्याला नको. ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून चालू असलेलं कॅल्शियमचं सिरप, क आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा; बहुतेक वेळा त्या बंद होतील.

सगळ्यात अवघड भाग आजी. ‘एका घासानं काय होतंय रे बाबा, मुकं जनावर हाय ते,’ यावर शास्त्र सांगून उपयोग होत नाही. एक उपाय मात्र चालतो. रोजच्या मोजलेल्या दाण्यांतले वीस-पंचवीस दाणे एका वाटीत काढून ती वाटी आजीच्या हाती द्यायची. द्यायचं सुख त्यांना मिळतं आणि पोटात जातं ते पथ्याचंच. लहान मुलांनाही हीच वाटी.

सणावाराचं आधी ठरवा. वेळ अमावस्येला कुटुंबाबरोबर कुत्राही शेतात जातो, आणि तिथं भज्जी, आंबील, उंडे असं सगळं उघड्यावर असतं. कंदुरीच्या जेवणानंतर गावभर हाडं पडलेली असतात. अशा दिवशी त्याचा डबा बरोबर घ्या आणि साखळी सोडू नका. जमणार नसेल तर त्याला घरीच ठेवा.

दुसरा कुत्रा असेल तर दोघांची भांडी वेगळ्या खोलीत, पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही उचलायची. मांजराचं खाणं उंचावर.

टप्पा ५. पिशवी निवडा आणि खुराक मोजा

पेट शॉपमध्ये ‘युरिनरी’ लिहिलेल्या तीन तऱ्हेच्या पिशव्या असतात: पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यायचा उपचाराचा आहार, ‘युरिनरी केअर’ म्हणून विकला जाणारा साधा आहार, आणि मांजरांचा युरिनरी आहार. पहिलाच घ्यायचा. मांजराची पिशवी कुत्र्याला चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो. उपचाराच्या आहारातही काही खडा विरघळवण्यासाठी असतात, काही पुन्हा होऊ नये म्हणून. रॉयल कॅनिनचं युरिनरी एस/ओ, हिल्सचं सी/डी किंवा फार्मिनाच्या व्हेट लाइफमधले प्रकार यांतलं कोणतं, हे नाव आणि पुढची अक्षरं सकट डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. एका अक्षराच्या फरकाने आहार बदलतो.

तपासा: पिल्लू, गाभण किंवा पाजणारी कुत्री, हृदयाचा, किडनीचा आजार असलेला, किंवा पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेला कुत्रा यांना विरघळवणारा आहार सहसा देत नाहीत. त्यात मीठ जास्त असू शकतं, काहींत प्रथिनं कमी आणि चरबी जास्त असते. सुरू करण्याआधी रक्ततपासणी करून घ्या.

मग माप. वजन दवाखान्यातल्या काट्यावर करा. २ ते ४५ किलोच्या कुत्र्यासाठी सोपा हिशेब असा: वजन गुणिले ३०, अधिक ७०. ही झाली विश्रांतीची गरज, किलोकॅलरीत. खच्ची केलेल्या, साधारण हिंडणाऱ्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या सुमारे १.६ पट. १२ किलोचा कुत्रा घ्या: १२ × ३० + ७० = ४३०, गुणिले १.६ म्हणजे अंदाजे ६९०. पिशवीवर १०० ग्रॅममध्ये ३८० किलोकॅलरी लिहिलं असेल तर रोज १८० ग्रॅम, महिन्याला साडेपाच किलोच्या आत-बाहेर. लठ्ठ असेल तर कमी, शेतात दिवसभर पळणारा असेल तर जास्त. डॉक्टर आकडा दुरुस्त करतील. पण हिशेब आधी करा, म्हणजे खर्चाचा अंदाज येतो आणि महिन्याच्या वीस तारखेला पिशवी संपून ‘दहा दिवस भाकरीवर काढू’ ही वेळ येत नाही. तेवढ्या दहा दिवसांत मागची मेहनत वाया जाऊ शकते.

खर्च झेपणार नसेल तर तसं सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा, त्यात लाज कसली. खडा काढून टाकणं, आहार फक्त विरघळेपर्यंत ठेवणं, किंवा आहारतज्ज्ञ पशुवैद्याने तोलून दिलेलं घरचं जेवण असे पर्याय असतात. मनाने ‘कमी मॅग्नेशियमचा भात’ शिजवणं हा पर्याय नाही.

साठवण: दाणे मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दाण्यांतली चरबी खवट होते आणि कुत्रा तोंड फिरवतो. दोष मात्र डाएटला मिळतो. फोडलेली पिशवी महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच घ्या.

टप्पा ६. बदल सात दिवसांत

पहिले दोन दिवस पाव भाग नवं, पाऊण जुनं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अर्धं-अर्धं. पाचव्या-सहाव्या दिवशी पाऊण नवं. सातव्या दिवसापासून फक्त नवं. जुलाब झाले तर एक पायरी मागे या आणि दोन दिवस थांबा. डॉक्टरांनी घाई सांगितली असेल तर त्यांचंच ऐका.

दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. खाल्लं नाही तर वीस मिनिटांनी उचला. भाकरीवर वाढलेला कुत्रा पहिले काही दिवस नाक मुरडणारच. कोमट पाण्यात भिजवलं की वास सुटतो, त्याने बरेच खातात. त्याच आहाराचा ओला प्रकार मिळत असेल तर वरून एक चमचा. तूप, मटणाचा रस्सा, अंडं वर घालून लाडाने खाऊ घालायची सवय लागली तर पुढे ती मोडत नाही. पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही, किंवा अगदी लहान जातीच्या कुत्र्याने खाणं टाळलं, तर जबरदस्ती न करता डॉक्टरांशी बोला.

अँटिबायोटिकची गोळी पेढ्यात किंवा पनीरमध्ये लपवू नका. भिजवलेल्या दाण्यांचा लाडू वळून त्यात घाला. आणि लघवी साफ झाली म्हणून कोर्स अर्ध्यावर सोडू नका.

टप्पा ७. पाणी आत, लघवी बाहेर

प्रकार कुठलाही असो, हा टप्पा सगळ्यांना लागू. लघवी पातळ राहिली तर क्षार एकत्र येऊन बसायला जागा कमी मिळते. डॉक्टरांशी बोलून ठेवायचं लक्ष्य म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२० च्या खाली.

कुत्र्याला रोज किलोमागे साधारण ४० ते ६० मिली पाणी लागतं; १२ किलोच्या कुत्र्याला अर्धा ते पाऊण लिटर, कडक उन्हात त्याहून जास्त. नुसतं भांडं भरून ठेवल्याने तो जास्त पितोच असं नाही. पाणी खाण्यातूनच घाला: ९० ग्रॅम दाण्यांवर १५० ते २०० मिली पाणी, दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या. दोन वेळचं मिळून तीनशे ते चारशे मिली इथंच गेलं. उन्हाळ्यात भिजवलेलं अन्न लवकर आंबतं, अर्ध्या-पाऊण तासात उरलेलं फेकून द्या.

पिण्याची भांडी दोन-तीन जागी, सावलीत. मातीचं परळ सगळ्यात चांगलं, पाणी गार राहतं. प्लास्टिकचं भांडं उन्हात तापलं की कुत्रा एकदा तोंड लावून निघून जातो. भांडं रोज घासा. हौदाच्या शेवाळलेल्या पाण्यावर त्याला सोडू नका.

बोअरचं पाणी जड आहे, त्यानेच खडे झाले, हे गावोगाव ऐकू येतं. माझं मत विचाराल तर त्यावर डोकं खपवू नका. तुम्ही जे पिता तेच त्यालाही द्या. पाणी कोणतं यापेक्षा दिवसभरात किती पोटात गेलं ते बघा. अनेक गावांत उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि टँकरच्या पाण्याची काटकसर सुरू झाली की पहिली कात्री कुत्र्याच्या भांड्याला लागते. त्याची गरज एका तांब्याची आहे, तेवढी बाजूला काढा.

मोजायचं असेल तर सकाळी एक लिटर मोजून ठेवा, रात्री उरलेलं मोजा, खाण्यात घातलेलं मिळवा. किलोमागे १०० मिलीच्या वर जाऊ लागलं तर ते डॉक्टरांना कळवा, त्यामागे दुसरा आजार असू शकतो.

पाणी वाढवलं आणि बाहेर नेणं दोनदाच ठेवलं, तर लघवी मूत्राशयात साचून राहते आणि हेतूच फसतो. दिवसातून चार-पाच वेळा तरी न्या. सकाळी उजाडताच आणि रात्री झोपण्याआधी ही दोन वेळा चुकवू नका. दुपारी डांबर तापलेलं असतं, तेव्हा अंगणातली किंवा झाडाखालची माती दाखवा.

थांबा: पाणी वाढावं म्हणून घरचं मीठ खाण्यात टाकू नका.

टप्पा ८. तपासण्यांचं वेळापत्रक

घरी पीएच बघायचा तर पट्टी सकाळी खाण्याआधीच्या लघवीत बुडवा. खाल्ल्यानंतर लघवी काही वेळ अल्कधर्मी होते, त्यामुळे एक दिवस सकाळी आणि एक दिवस जेवणानंतर मोजलं तर आकडे उगाच घाबरवतात. स्ट्रुव्हाइट विरघळवताना पीएच साडेसहाच्या खाली राहावा ही अपेक्षा. आकडा वहीत लिहा. त्यावरून स्वतः औषध कमी-जास्त करू नका.

दवाखान्यात पहिली लघवी तपासणी दोन ते चार आठवड्यांनी, आणि खडा असेल तर एक्स-रे दर चार आठवड्यांनी. छोटे खडे काही आठवड्यांत जातात, मोठ्यांना दोन-तीन महिनेही लागतात. कुत्रा चार दिवसांत हसरा-खेळकर होतो ते सूज उतरल्यामुळे. खडा अजून तिथंच असतो. पथ्य सोडण्याची सगळ्यात मोठी चूक इथंच घडते. एक्स-रे साफ दिसल्यावरही साधारण महिनाभर आहार चालू ठेवतात, कारण एक्स-रेला न दिसणारे बारीक खडे उरलेले असू शकतात.

नर कुत्र्यांच्या मालकांनी याच काळात जास्त सावध राहावं. मोठा खडा मूत्रमार्गात शिरत नाही. लहान झालेला शिरतो. लघवी अडली की थेट टप्पा १.

चार-आठ आठवड्यांत खडा जराही लहान झाला नाही तर तीन शंका या क्रमाने फेडा. कुत्र्याला बाहेरचं काही मिळतंय का? कमी प्रथिनांच्या आहारावर असूनही रक्तातला युरिया खाली आला नसेल, तर डॉक्टरांना तो अंदाज येतो, मग वहीत काही लिहिलेलं असो-नसो. संसर्ग गेलाय का? कल्चर पुन्हा करा. आणि खडा स्ट्रुव्हाइटच आहे का? आत ऑक्झलेट आणि बाहेर स्ट्रुव्हाइट असे मिश्र खडेही असतात, तेव्हा आहार बदलत बसण्याऐवजी खडा काढणं बरं.

काढलेला खडा कोरड्या डबीत ठेवा आणि पृथक्करणाला पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, त्याने रचना बदलू शकते. घरी आठवण म्हणून काचेच्या बरणीत ठेवलेले खडे मी पाहिलेत. त्यातला एक जरी लॅबला गेला असता तर पुढच्या वेळी अंदाजाने चालावं लागलं नसतं.

टप्पा ९. पुढे काय

संसर्गामुळे झालेला स्ट्रुव्हाइट गेला की बहुतेक कुत्र्यांना हा आहार जन्मभर लागत नाही. विरघळवणारा आहार तर उगाच लांबवूच नये. पुन्हा साध्या खाण्यावर येतानाही तेच सात दिवस, आणि आल्यावर दोन-चार आठवड्यांनी लघवी तपासा. संसर्ग वरचेवर होत असेल तर मधुमेह, कुशिंग (हार्मोनचा एक आजार) किंवा मादीच्या योनीभोवती कातडीची घडी अशी कारणं डॉक्टर शोधतील. पुढच्या वेळी लक्षणं दिसली तर जुन्या चिठ्ठीवरचं अँटिबायोटिक मेडिकलमधून आणू नका, आधी कल्चर.

ऑक्झलेट, युरेट आणि सिस्टिनवाल्यांचं पथ्य लांबचं. ऑक्झलेट परत होण्याची खोड मोडत नाही, म्हणून कुत्रा ठणठणीत असला तरी दर तीन ते सहा महिन्यांनी एक्स-रे किंवा सोनोग्राफी करा. खडे अगदी बारीक असताना सापडले तर भूल देऊन, मूत्राशय भरून, कुत्र्याला उभं धरून ते लघवीवाटेच बाहेर काढता येतात. मोठे झाल्यावर पोट उघडावं लागतं.